शेवटचा टप्पा

कॉलेजच्या रिले संघात शेवटचा टप्पा कप्तानताईचा, हे ठरलेलंच होतं. पण यंदा नव्या मुलींमध्ये एक काटकुळी आली. सगळे तिला काडी म्हणत, आणि ती पळायची मात्र पायाला भिंगरी बांधल्यासारखी. म्हणून सरांनी आज शेवटच्या टप्प्यावर तिला उभं करून पाहिलं. ताईनं मागून येऊन बॅटन द्यायचं, काडीनं वळून न बघता सुटायचं.

बॅटन नीट हातात गेलं, तरी ताईला काहीतरी खटकलं.

"काय गं, मुद्दाम हळू सुटतेस ना?"

"जोरात सुटले तर तुम्ही पोचणार नाही, ताई," काडी बुटाची नाडी चाचपत म्हणाली.

ताईला आधी राग आला, मग हसूच फुटलं. आपली जागा गेली होती, पण गेली होती ती अस्सल पोरीकडे.

"माझी काळजी तू करू नकोस, बाई. जीव तोडून पळ. तुला गाठायचं कसं ते मी बघते."

काडी सुटली. आणि ताई स्वतःच्या शर्यतीत कधी पळाली नव्हती, तशी तिच्यामागे पळाली.