जैनबबीची मागची भिंत

निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या सात-आठ वर्षं आधीची गोष्ट. मी तेव्हा हिंगोलीत गवंडीकाम करत होतो. एका सकाळी घरमालक किसनरावांचा निरोप आला, "दगडोबा, भाड्याच्या खोल्यांचं नुकसान बघून जा. आन् जरा बराबर सांग." त्यांच्या नव्या दुकानाचं काम मला मिळायचं होतं. 'बराबर' म्हणजे काय ते मला कळलं.

त्या दोन खोल्यांत जैनबबी अकरा वर्षं राहिली. नवरा गेल्यावर शिवणकाम करून तिनं दोन मुली वाढवल्या, त्यांची लग्नं लावली. आता ती आखाडा बाळापूरला भावाजवळ राहायला गेली होती. सामान गेलं, पण शिवणाची मशीन किसनरावांनी अडकवून ठेवली. मागची भिंत तिनं खराब केली, साठ रुपये भर आणि मशीन ने, असं त्यांचं म्हणणं. लग्नसराई तोंडावर आलेली. मशीनशिवाय ती कमावणार काय?

ती रडली नाही, कुणाची शिफारस आणली नाही. "दगडोबाला दाखवा, तो म्हनंल ते कबूल," एवढंच तिनं सांगितलं होतं. मला काम किसनरावच देतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

मी पोचलो तर किसनराव दाराशी उभे, आणि तीही आधीच हजर. पायाशी भिजवलेल्या चुन्याचं डबडं.

"भाऊ, आधी माझं बघा," ती म्हणाली. "लेकीच्या बाळंतपणात पाळण्यासाठी ह्या खुंट्या मी ठोकल्या, गिलावा उडाला. उंबऱ्याचा टवका लाकडं फोडताना निघाला. हे नुकसान माझं."

किसनरावांच्या तक्रारीत यातलं काहीच नव्हतं.

मग मी मागच्या भिंतीला हात घातला. थापीनं बुडाचा पोपडा काढला. आत दुसरा थर, त्याच्या आत तिसरा. माती, शेण, भुसा. प्रत्येक थरावर बोटं उमटलेली. बाहेर जाऊन पाहिलं, तर किसनरावांच्याच गोदामाच्या छपराची पन्हाळ नेमकी त्या बुडावर सुटत होती.

"मालकाला सांगितलं न्हाई काहून?" मी विचारलं.

"तीनदा सांगितलं. पाहू म्हनले. मंग दर पावसाळ्याआधी मीच लिपत गेले. लेकरं ह्या भिंतीशीच झोपायची."

दुकानाचं काम डोळ्यांपुढं आलं. पण या बाईनं कुणी न विचारता स्वतःच्या चुका मांडल्या होत्या. तिच्यासमोर खोटं बोलायची मला लाज वाटली.

"मालक," मी म्हणालो, "ही भिंत बाईनं खराब केली न्हाई. तिनंच उभी ठेवली. न्हाईतर कधीच बसली असती."

किसनराव बाहेर जाऊन पन्हाळ बघून आले. मग आतल्या खोलीचं कुलूप काढून म्हणाले, "ने तुझी मशीन."

जैनबबीनं मशीनला लगेच हात लावला नाही. बाह्या सारल्या, खुंट्या उपटल्या आणि भोकं चुन्यानं बुजवली. उंबरा मला दुरुस्त करायला लावला आणि मी नको नको म्हणत असताना मजुरी हातावर ठेवली.

दुकानाचं काम वाशिमच्या गवंड्याला गेलं. पण त्याच आठवड्यात किसनरावांनी पन्हाळ वळवायला मला बोलावलं. काम उरकताना हळूच विचारलं, "बाई पोचली का नीट?"

"व्हय," मी म्हणालो. "लग्नाचे कपडे शिवून राहिली."