पाचचा निरोप

तोकुजीने एका पायात मोजा चढवला आणि दुसरा हातात धरून तो टेबलावरच्या फोनकडे बघत बसला. पाच वाजून सात मिनिटं झाली होती. रात्रभर गुपचूप पडलेला बर्फ खिडकीच्या खालच्या काचेपर्यंत चढला होता.

“आला का हो?” शिगेनोने चुलीपाशी उभ्या उभ्या विचारलं.

“नाही अजून.”

कामिनोसावाच्या प्राथमिक शाळेत तो अकरा वर्षं शिपाई होता. शाळेचा नावापुरता; पगार ठेकेदार कंपनीचा. सव्वासातला मुलं रांगेने यायची. त्याआधी शाळेच्या दारापासून फाटकापर्यंतची वाट मोकळी करणं हे त्याचं हिवाळ्याचं काम, आणि त्यासाठी साडेपाचला घर सोडावं लागे.

पानगळीच्या दिवसांत पालकसभा झाली होती. दोन तास नुसती खडाजंगी. एका बाजूचं म्हणणं, छपरांवरून बर्फ कोसळत असताना कच्च्याबच्च्यांना अंधारात घराबाहेर काढू नका, अशा दिवशी शाळा दहाला भरवा. दुसऱ्या बाजूच्या आया विचारत होत्या, कारखान्याचा भोंगा काही दहाला वाजत नाही, पोरांना कुणाच्या गळ्यात बांधून जायचं? एका आजोबांनी उठून सांगितलं, आम्ही छातीएवढ्या बर्फातून शाळेत जात होतो, मेलो नाही. तोकुजी मागच्या बाजूला स्टोव्हमध्ये रॉकेल भरत सगळं ऐकत होता. त्याला कुणी काही विचारलं नाही. शेवटी ठरलं की भारी बर्फाच्या दिवशी शाळा दहाला भरेल आणि तसा निरोप पहाटे पाचच्या आत सगळ्यांच्या फोनवर येईल.

“भांडले सगळे पोरांसाठी आणि सोय झाली माझी,” घरी येऊन तो हसत म्हणाला होता.

उन्हाळ्यात डॉक्टरांनी त्याला हृदयाचं सांगितलं होतं. पहाटेच्या गारठ्यात फावडं धरायचं नाही, उजाडल्यावर काय ते. हे त्याने शाळेत कुणाला कळू दिलं नव्हतं, कारण कळलं असतं तर कंपनीने दुसरा माणूस बघितला असता. शिगेनोने मात्र शाळा उशिरा भरल्यावर मिळणारे ते तास मनातल्या मनात त्याच्या गोळ्यांच्या डबीशेजारी जपून ठेवून दिले होते.

साडेपाच वाजत आले.

“शाळेत फोन करून विचारा ना. एवढा बर्फ आहे, विसरले असतील.”

“मुख्याध्यापकांना झोपेतून उठवून काय विचारू? मी अंथरुणात पडू का म्हणून?” त्याने दुसरा मोजा चढवला. “दोनशे पोरांना कोण विसरतं? आला नाही म्हणजे शाळा वेळेवर.”

शिगेनोने दोन भाताचे गोळे कागदात बांधून त्याच्या कोटाच्या खिशात घातले. दार सरकवल्यावर आधी त्यालाच दारातला बर्फ लाथेने बाजूला करावा लागला. कपाळावरचा दिवा गल्लीच्या वळणापर्यंत दिसला, मग दिसेनासा झाला.

सव्वाआठला शाळेत दुधाची गाडी आली. गाडीवाल्याला तो फाटकाच्या आत सापडला. वाट जवळजवळ पूर्ण झाली होती, हातभर राहिली होती. त्याच्या अंगावर नवा बर्फ साचला होता.

पुढचे दिवस इस्पितळ, पोलीस, अंत्यसंस्कार यांत गेले. शेजारच्या बायका जेवण घेऊन येत, भांडी घासून जात. शाळेचा विषय निघाला की त्या एकमेकींकडे बघून गप्प होत. शिगेनोला वाटे, आपल्याला त्रास नको म्हणून.

आठव्या दिवशी मुख्याध्यापक हिराइवा आले. पन्नाशीचा, मऊ आवाजाचा माणूस. त्यांनी तोकुजीच्या फोटोपुढे उदबत्ती लावली आणि बराच वेळ हात जोडून बसले. काकांसारखा माणूस पुन्हा मिळायचा नाही, मुलं रोज विचारतात, मुलांच्या वर्षअखेरच्या निरोपसमारंभात त्यांच्या नावाने मानपत्र द्यायचं ठरलंय, असं ते सांगत राहिले. शिगेनो ऐकत होती. बोलण्यासारखं संपलं तसं ते म्हणाले,

“काकू, त्यातल्या त्यात एक बरं झालं. शाळा त्या दिवशी दहाला होती. नाहीतर ते सगळं मुलांच्या नजरेस पडलं असतं.”

किटलीकडे गेलेला शिगेनोचा हात थांबला.

“दहाला?”

त्यांनी वर बघितलं. हिला माहीत नव्हतं, हे त्यांना तेव्हा कळलं.

“निरोप कधी गेला?”

“पाचला पाच मिनिटं कमी असताना.”

मग ते चटईकडे बघत सांगत गेले. यादी पालकांची आणि शिक्षकांची होती. काका पडले कंपनीचे, त्यांना कंपनीने कळवायचं, आणि कंपनीचं कार्यालय नऊला उघडतं. कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्यांच्या स्वतःच्याही नाही. सांगताना त्यांचे कान लाल झाले होते, आणि ते खोटं बोलत नव्हते. पण बॅगेतला कागद त्यांना काढावाच लागला. कंपनीने तो त्यांच्याकडे दिला होता, ओळखीच्या माणसाने नेलेला बरा म्हणून.

“नुसता उपचार आहे,” ते म्हणाले. “खाली सहीच्या जागी तुमचा शिक्का लागेल.”

शिगेनोने चष्मा आणला आणि कागद दोनदा वाचला. कामाची वेळ सात वाजल्यापासून. शाळा दहा वाजता भरणार असल्याचे जाहीर झालेले असताना सदर कर्मचारी स्वतःच्या इच्छेने लवकर हजर झाला होता; सबब हा मृत्यू कामावरचा धरता येत नाही.

ती उठली, कपाटातून शिक्क्याची डबी आणली. हिराइवांनी श्वास सोडला. तिने डबी उघडली नाही. कागद पालथा करून त्यांच्यापुढे सरकवला आणि वर पेन ठेवलं.

“मागे कोरं आहे. लिहा.”

“काय लिहू?”

“पाचला उठले. साडेपाचपर्यंत फोनसमोर बसले होते.”

त्यांनी लिहिलं. फळ्यावर लिहून वळण लागलेलं सुंदर अक्षर.

“पुढे?”

“पुढचं तुम्हाला माहीत आहे,” शिगेनो म्हणाली. “तेही लिहा. मग मी शिक्का मारते.”

पेन कागदावर टेकलं आणि तसंच राहिलं. छपरावरून बर्फाचा एक थर घसरून अंगणात धपकन पडला. हिराइवा दचकले. शिगेनोने किटली उचलली आणि चहा ओतला, आपल्यापुरता.