चिकटपट्टीची सहा रिळं

“तुझे बाबा पाय नीट टेकवत नाहीत. एकदा मोजे काढून बघ गं,” बाबांच्या खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू जिन्यात तिला म्हणाल्या होत्या. काकूंना दुसऱ्याच्या घरात डोकावायची खोडच आहे, असं मनाशी म्हणत तिने कडेवरच्या लेकीची टोपी सारखी केली आणि ती पायऱ्या उतरली.

चार वर्षांच्या लेकीचं कपाळ ती दिवसातून दहादा चाचपायची. नखं, दात, जिभेचा रंग, काही तिच्या नजरेतून सुटत नसे. दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहणाऱ्या बाबांच्या वाट्याला संध्याकाळचा एक फोन यायचा, तोही भांडी विसळता विसळता.

अशाच एका फोनवर बाबा म्हणाले, “जमलं तर चिकटपट्टी आण. संपलीय.”

तिला हसूच आलं. बाबांनी चाळीस वर्षं पुस्तकं बांधली. फाटलं पान खळीने आणि पातळ कागदाने जोडायचं. पारदर्शक टेप त्यांना पुस्तकाचा वैरी वाटे, घरात शिरू देत नसत. शेवटी आले शरण, असं नवऱ्याला सांगत तिने सहा रिळं घेतली. वर जायला वेळ नव्हता, म्हणून पिशवी काकूंकडे ठेवली आणि फोनवर बाबांना भरपूर चिडवलं.

बाबांनी पलीकडे पिशवी उघडून बघितली. मग म्हणाले, “चालेल. हीसुद्धा चिकटतेच की.”

तीन आठवड्यांनी दवाखान्यात नर्सने मोजा काढला. टाचेभोवती टेप होती. कुठे सुरकुती नाही, बुडबुडा नाही. उचकटू नयेत म्हणून कोपरे गोल कापलेले. हात बाबांचाच. आतली जखम काचेखाली ठेवल्यासारखी दिसत होती. साखरेने पाय बधिर झाला होता, दुखून त्याने सांगितलंच नव्हतं.

टेपला चिकटपट्टी तिची लेक म्हणायची, आणि लेकीचं ऐकून तीही. बाबांच्या घरात चिकटपट्टी एकच होती: औषधांच्या डब्यातली, जखमेवर लावायची, एके काळी तिच्याच फुटक्या गुडघ्यांसाठी आणलेली.

“बाबा, ही ती नव्हे, एवढं तरी सांगायचंत.”

“तू आधीच पोरीच्या तापाने मेटाकुटीला आलेली,” बाबा खिडकीकडे बघत म्हणाले. “तुला परत कुठे पिटाळू?”

उद्या सकाळी पाय घोट्याच्या वर कापणार आहेत. कागदावर तिने सही केली. लेकीचं अंग पुन्हा तापलंय, नवऱ्याचे फोनवर फोन येताहेत, म्हणून ती घरी गेली आहे. जाताना तिने एवढंच विनवलंय: तुम्ही दवाखान्याच्या बाजूला जाणार असाल, तर दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळच्या खाटेपाशी जरा डोकावा. काही हवंय का विचारलंत, तर ते नको म्हणतील. त्यावर जाऊ नका.