दिवाळीच्या आत रिकामं

सिद्धम्मा पदर खोचून टबात उतरली, कडेला साचलेली धूळ ओल्या फडक्याने पुसून काढली, आणि मग तिच्या लक्षात आलं की यातून बाहेर कसं पडायचं हे आपल्याला अजून नीट जमत नाही. एक पाय बाहेर, एक पाय आत, हात नळाला, अशी तिची कसरत चालली असतानाच खालून दगडोबाची हाक आली.

"अक्का, हाव का घरी? पार्टी आणलीय."

दगडोबा घरं दाखवायचा धंदा करायचा. लातुरात क्लासला येणाऱ्या पोरांमुळे या धंद्याला कधी मरण नव्हतं. सिद्धम्माच्या मागच्या अंगणातल्या खोल्याही त्यानेच दरवर्षी भरून दिल्या होत्या. वरच्या मजल्याबद्दल मात्र त्याने आजवर शब्द काढला नव्हता. वरचा मजला तिच्या मुलाचा, महांतेशचा, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

ती खाली आली तेव्हा दिवाणखान्यात तिचा नवरा मडिवाळप्पा आडत दुकानातून जेवायला आलेला तसाच बसला होता आणि समोरच्या खुर्चीवर एक गोरा माणूस गुडघे जुळवून बसला होता. खुर्ची त्याला लहान पडत होती. बूट त्याने बाहेरच काढले होते, तेही कुणी न सांगता. सिद्धम्माने ते मनात टिपून ठेवलं.

"हे अंतोनसायब," दगडोबा म्हणाला. "रेल्वेचे डबे बनवायचा कारखाना हाय ना आपला, तिथं मशिनी बसवायला आलेत. रशियाचे. तीन-चार महिन्यांचंच काम हाय. लॉजवर राहून कटाळलेत. पाच-सहा घरं दाखवली. कुणी म्हणतंय एकटा माणूस नको, कुणी म्हणतंय मटन खातोय. बाकीचे म्हणतेत, वर्षाचं बोला."

"मंग माझ्याकडं कशाला आणलास?"

"मी बोलावलं," मडिवाळप्पा म्हणाला. "बंद मकान खराब होतंय. नळ गंजायलेत. दिवाळीला लई येळ हाय अजून."

सिद्धम्मा आत जाऊन पाण्याचा तांब्या आणि पेला घेऊन आली. भाडेकरू पारखायची तिची ही जुनी रीत होती. पाणी द्यायचं आणि रिकामा पेला माणूस कुठे ठेवतो ते बघायचं. खुर्चीखाली सरकवणाऱ्या कितीतरी पोरांना तिने दारातूनच परत पाठवलं होतं. या माणसाने पाणी पिऊन पेला हातातच धरला, इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटी उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी जाऊन तिच्या हातात दिला. सिद्धम्माला जरा रागच आला. नापास करायला काही निमित्त मिळालं असतं तर बरं झालं असतं.

वर जाताना तो प्रत्येक दारात वाकत होता. वरच्या मजल्यावर सिद्धम्माने दोन वर्षं जीव ओतला होता. महांतेश हॉलंडला जाऊन आता खूप वर्षं झाली. सून तिकडचीच. नात चार वर्षांची, तिचं नाव मात्र सिद्धम्माच्या हट्टावरून अक्षरा ठेवलेलं. वरचं काम काढण्याआधी महांतेश एकदा एकटाच येऊन गेला होता, मडिवाळप्पाच्या ऑपरेशनच्या वेळी. बायको-मुलीसह तो या दिवाळीला पहिल्यांदाच येणार होता. म्हणून वर कमोड बसला, एसी बसला, विजेवरची शेगडी आली, पलंगाच्या गाद्या आल्या. आणि टब आला.

टबाची गोष्ट गल्लीत अजून निघायची. एकदा फोनवर अक्षरा फेसात बसून अंघोळ करताना दिसली, तेव्हापासून सिद्धम्माच्या डोक्यातून टब जाईना. लातुरात प्लंबरला विचारलं तर तो हसला. शेवटी हैदराबादहून टेम्पोतून टब आला. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या गावात एवढा मोठा टब कशासाठी, हे बघायला बायका दारात जमल्या. मडिवाळप्पाने विचारलं होतं, ह्याच्यात भरायला पाणी कुठून आणशील? टँकर बोलवीन, असं ती म्हणाली होती. आणि महांतेशला यातलं अक्षरही सांगायचं नाही, अशी तिने नवऱ्याला ताकीद दिली होती. त्याने डोळ्यांनी बघावं, मग कळावं. या एका क्षणासाठी ती दोन वर्षं जगत होती म्हटलं तरी चालेल.

अंतोनने टब पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला. तो फोनमध्ये काहीतरी बोलला. फोन हिंदीत म्हणाला, बहुत सुंदर.

"त्यात पाणी भरायचं न्हाई," सिद्धम्मा म्हणाली. "बादली ठेवलीय. ते माझ्या नातीचं हाय."

दगडोबाने जमेल तसं समजावलं. अंतोनने मान डोलावली. मांस घरात शिजवायचं नाही, यालाही हो म्हणाला. मग सिद्धम्माने शेवटची अट सांगितली. दिवाळीच्या आत घर रिकामं पाहिजे.

तो थोडा वेळ फोनशी बोलत राहिला. त्याचं काम दिवाळीनंतरही काही दिवस चालणार होतं. तेवढे दिवस पुन्हा सामान घेऊन कुठे जायचं, असं त्याचं म्हणणं.

"न्हाई," सिद्धम्मा म्हणाली. "माझं लेकरू येणार हाय."

फोनने त्याला ते त्याच्या भाषेत सांगितलं असावं. त्याने घासाघीस केली नाही. हात जोडले, तेही जरा चुकीचे, कपाळाच्या फार वर, आणि जिना उतरायला लागला. मडिवाळप्पाला ते बघवलं नाही.

"थांब जरा," तो दगडोबाला म्हणाला. "संध्याकाळी पोराला इचारतो. तारखा तरी कळतील. उद्या ये."

संध्याकाळी फोन लागला तेव्हा महांतेश गाडीत होता. सिद्धम्माने फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि दोघं शेजारी शेजारी बसले.

"वरचं घर एका सायबाला देऊलाव म्हणतेत तुझे अप्पा," ती म्हणाली. "मी म्हणलं, दिवाळीच्या आत सोडणार असंल तरच. तू कधी येणार ते सांग म्हणजे झालं."

"द्या की, अव्वा. कशाला रिकामं ठेवताव? राहू दे त्याला दिवाळीतबी."

"आरं, मंग तुम्ही?"

महांतेशने गाडी कुठेतरी कडेला घेतली. फोनवरचा त्याचा हलणारा चेहरा स्थिर झाला.

"आमचं मी औसा रोडला बघायलोय. फ्लॅट हाय एक, सगळं सामान असलेला. पंधरा दिवसांसाठी."

"औसा रोडला," सिद्धम्मा म्हणाली.

"तिला जमणार न्हाई गं आपल्याकडं. कमोड पाहिजे, एसी पाहिजे. अक्षरा टबाशिवाय अंघोळ करत न्हाई, लई रडती. ते तर तिथंबी न्हाई, पण बाकीचं तरी हाय. आन तुम्हाला कशाला तकलीफ? आम्ही रोज येऊ की जेवायला."

मडिवाळप्पा ताठ झाला. त्याने तोंड उघडलं आणि बोट वर, छताकडे केलं. सिद्धम्माने न बघताच त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबून धरला. त्याचं बोट हळूहळू खाली आलं.

"बरं हाय," ती फोनकडे बघत म्हणाली. "फ्लॅटमध्ये पाणी रोज येतंय का तेवढं इचार."

"इचारलं. बोअर हाय."

"मंग बेस हाय."

फोन बंद झाल्यावर मडिवाळप्पा तिच्याकडे वळला.

"सांगायचं होतं की," तो म्हणाला. "सगळं तर हाय वर."

"काय सांगू? टब हाय, म्हणून ये?"

सिद्धम्माला खूप वाईट वाटलं होतं आणि ते तिने लपवलंही नाही. डोळे पुसले, नाक पुसलं, आणि ज्वारीच्या भाकरी थापायला घेतल्या. त्या रोजच्यापेक्षा जाड झाल्या. मडिवाळप्पाने निमूटपणे खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी दगडोबा आला तेव्हा ती ओसरीवर तुरीची डाळ पाखडत होती.

"देऊन टाक त्या सायबाला," ती म्हणाली. "काम संपेपर्यंत राहू दे. दिवाळीतबी."

दगडोबा बघतच राहिला. "आन महांतेशभैय्या?"

"त्याचं दुसरीकडं ठरलंय."

दगडोबाने ते ऐकलं आणि त्याच्यातला दलाल जागा झाला. तो पायरीवर बसला, जरा पुढे सरकला.

"आसं असंल तर अक्का, एक सांगू का? सायबाला मी दुसरं बघून देतो. औसा रोडला नरसिंगचा फ्लॅट हाय ना, त्याच्याकडं दिवाळीत फॉरेनची पार्टी यायलीय. नेटवरून बोलणं चाललंय. नवरा-बायको आन बारकी पोरगी. टब हाय का टब, म्हणून इचारून इचारून नरसिंगचं डोकं खाल्लं त्यांनी. त्यानं मला इचारलं. मी म्हणलं, अख्ख्या लातुरात टब एकच हाय, पण ते घर मिळायचं न्हाई. आता मिळतंय म्हणल्यावर इकडं आणू का त्यांना? सायबापेक्षा चांगलं भाडं देतील."

सुपातली डाळ एकदा वर गेली आणि खाली आली.

"कोण हाईत?" सिद्धम्माने विचारलं.

"नाव काय इचारलं न्हाई मी. पण माणसं साधी असतील. नरसिंगनं पैलंच इचारून घेतलं, लातुरात तुमचं कुणी हाय का म्हणून. गावात आई-बाप असणाऱ्याला पंधरा दिवसाचं घर कोण देतंय, अक्का? उद्या ती म्हातारी माणसं दारात येऊन बसायची, मालकाच्या डोक्याला ताप. तर ते म्हणले, न्हाई, आमचं तिथं कुणी न्हाई. फिरायला यायलोत."

"आसं म्हणले?"

"हाव. नरसिंगनं मला सोताच सांगितलं."

सिद्धम्माने सूप मांडीवर ठेवलं. डाळीत एक खडा दिसत होता, तो उचलून तिने अंगणात टाकला.

"मंग नसंल कुणी," ती म्हणाली. "तू सायबाला बोलीव. आजच येऊ दे त्याला."