दोन माइकांचा डबा

धाकटी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. डॉक्टरांची अक्षरं लावून लावून डोळे शिणले होते, म्हणून स्वतःचं अक्षर तिने हट्टाने छापील ठेवलं होतं. कुठलीही वस्तू घ्यायची तर आधी माहितीपत्रक, मग आतले घटक आणि मग दुष्परिणाम, हा तिचा खाक्या. साधी इस्त्री घ्यायला तिने महिना लावला होता. त्यामुळे ऑडिओ इंटरफेस घ्यायचं ठरल्यावर ती तीन महिने हात धुऊन त्याच्या मागे लागली, याचं घरात कोणालाच नवल वाटलं नाही.

"पण ते असतं तरी काय?" आईने एकदा विचारलं.

"माइक आणि कॉम्प्युटर यांच्या मधला डबा. आपण गातो ते तो कॉम्प्युटरला समजेल असं करून देतो."

"म्हणजे मध्यस्थ."

"हो. आणि मध्यस्थ चांगला नसला की काय होतं ते तुला माहीत आहेच," धाकटी म्हणाली, आणि दोघी हसल्या.

डबा हवा होता बाबांच्या गाण्यांसाठी. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे आणि घरी आले की अकॉर्डियन वाजवायचे. अकरा गाणी त्यांनी स्वतः केली होती, शब्दांसकट. मुली लहान असल्यापासून त्यांनी वाटणी करून दिली होती: ताई वरचा आवाज, धाकटी खालचा. ताई चाल पुढे न्यायची, धाकटी तिच्या पायाखाली सूर अंथरत जायची. कोणाचं लग्न असो, कोणाची निवृत्ती असो, दोघी बहिणींना गायला बोलवायचे. बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली होती, आणि गाणी कुठेच नीट रेकॉर्ड झालेली नव्हती. "आपणच घरी करू," ताई एक दिवस म्हणाली होती. "डब्याबिब्याचं तू बघ. त्यातलं मला ओ की ठो कळत नाही."

धाकटीने मग बघितलं. कुठल्या डब्यात आवाजामागे सूं सूं येतं, कुठल्यात आपलाच आवाज हेडफोनमध्ये क्षणभर उशिरा येतो आणि गाणारा गोंधळतो, कुठल्याची बटणं वर्षात सैल होतात. लोकांच्या तक्रारी तर तिने इतक्या वाचल्या की काही तक्रारखोर तिला ओळखीचे वाटायला लागले. एका गोष्टीवर मात्र ती पहिल्यापासून ठाम होती. माइकच्या जागा दोन हव्यात. दोघींनी एकाच वेळी, समोरासमोर उभं राहून गायचं. आधी एकीचं, मग दुसरीचं असं तुकड्यातुकड्यांनी नाही. बाबांची गाणी तशी नव्हतीच.

चार पानांवर तिने सगळं मांडलं. पाच डबे, त्यांचे गुण, त्यांची दुखणी, आणि शेवटी त्यातल्या दोन डब्यांच्या नावांभोवती चौकट. ती पानं तिने ताईला नेऊन दिली.

"बाई गं, काय कष्ट घेतलेस," ताई म्हणाली. "ठेव, सावकाश वाचते."

पुढच्या आठवड्यात विचारलं तर म्हणाली, घाई नको, नवीन मॉडेल येणार आहे म्हणे. त्यानंतर म्हणाली, सध्या गाडी शिकणाऱ्यांची गर्दी आहे, परीक्षा संपू देत. ताईची ड्रायव्हिंग स्कूल होती, तेव्हा ते खरंही वाटलं. नंतर तर एकदा म्हणाली, "आणि एका माइकचा घेतला तरी काय बिघडतं गं? लागलं तर बघू." धाकटीला वाटलं, ताईला खर्चाची काळजी. तिने शांतपणे पुन्हा सगळं समजावून सांगितलं. ताईने मान डोलावली. छान छान म्हणाली.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी धाकटी स्वतःच वाद्यांच्या दुकानात गेली. दुकानदार भला माणूस होता. चौकटीतले दोन्ही डबे त्याच्याकडे होते, पण खोक्यातून काढून वाजवून दाखवण्याची सोय नव्हती.

"असं करा," तो म्हणाला. "यातला पहिला माझ्याकडून एका संगीत संयोजकांनी नेलाय. घरीच स्टुडिओ आहे त्यांचा, दोन गल्ल्या सोडून. मी फोन करतो. त्यांच्याकडे जाऊन कानांनी ऐका आणि मग ठरवा."

संयोजकाचा स्टुडिओ म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. भिंतींना जाड पांघरुणं लावलेली, खिडकीत गादी उभी करून ठोकलेली, आणि मधोमध दोन माइक समोरासमोर. माणूस बोलका होता. दाढी कुरवाळत त्याने तिला खुर्ची दिली.

"चांगला निवडलात," तो म्हणाला. "मी तर आंधळेपणानेच घेणार होतो काहीतरी. एका बाईंनी मला ही यादी आणून दिली, म्हणून वाचलो. डॉक्टरेट आहे हो नुसती."

टेबलावर, त्या डब्याच्या खाली, टाचणी लावलेली चार पानं होती. छापील अक्षर. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात औषधाच्या कंपनीचा शिक्का, कारण दुकानातल्या फुकट मिळालेल्या वहीचाच कागद तिने वापरला होता.

धाकटी त्या पानांकडे बघत राहिली. आणि सांगायला हवं, की तिच्या मनात पहिल्यांदा आला तो आनंदच. ताईने तिच्या नकळत सगळी जमवाजमव केली होती. डबा आणला होता, खोली बघितली होती, तिला चकित करायचा बेत होता. उगीच नाही ती आज नको, उद्या नको करत होती! आपण ताईवर मनातल्या मनात चिडलो, याची धाकटीला लाज वाटली. आपण त्या बाईंची बहीण हे याला सांगावं की बेत तिचा तिला पुरा करू द्यावा, एवढाच प्रश्न तिला पडला होता.

"हे ऐका," संयोजक म्हणाला आणि त्याने हेडफोन पुढे केले. "याच्यावरच केलंय. अकॉर्डियन मीच वाजवलंय. अजून कच्चं आहे."

अकॉर्डियन सुरू झालं. बाबांचं तिसरं गाणं, तेच ज्यात मध्ये सगळं थांबतं आणि एक श्वास ऐकू येतो. मग ताईचा आवाज आला, इतका जवळ की जणू ती मानेशी उभी राहून गात होती. डबा खरंच चांगला होता. मागे सूं सूं नाही, काही नाही. दुसऱ्या ओळीला धाकटीच्या ओठांनी आपोआप खालचा सूर धरला, आणि त्याच क्षणी तो सूर हेडफोनमध्ये आला. दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यातून.

तरुण आवाज होता. तिने लावला असता त्याच सुरावर, तिने घेतली असती त्याच वळणाने, आणि लांब स्वर संपेपर्यंत जराही न हलणारा.

धाकटीने गाणं पूर्ण ऐकलं. हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"दुसरी कोण?"

"गोड आवाज आहे ना? त्या बाईंकडे गाडी शिकायला येते. गाडी चालवता चालवता गुणगुणत होती म्हणे, यांनी तिथेच हेरली. सहा गाणी झाली, पाच राहिलीत."

"बाईंची बहीणपण गाते असं ऐकलंय," धाकटी म्हणाली. आपला आवाज इतका सरळ कसा येतोय, याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

"हो, म्हणाल्या होत्या. पण त्यांना आता गाण्यात रस नाही म्हणे."

ती जिना उतरली. पायऱ्या मोजत उतरली.

ड्रायव्हिंग स्कूलची गाडी मैदानाच्या कडेला उभी होती. शिकणारा नुकताच उतरून गेला होता आणि ताई शेजारच्या सीटवर बसून वहीत काहीतरी लिहीत होती. धाकटी दार उघडून चालकाच्या जागी बसली.

"अगं, तू इकडे कुठे?"

"स्टुडिओतून आले. माझी पानं बघितली तिथे. तिसरं गाणंपण ऐकलं."

ताईने वही मिटली. शिकवणाऱ्यासाठी तिच्या पायाशी वेगळा ब्रेक होता. गाडी बंदच होती, तरी तिने त्यावर पाय दाबला.

"मी सांगणार होते."

"कधी? अकरा झाल्यावर?"

ताई काचेतून समोर बघत होती. "तुझा सूर उतरतो, छोटे. चार-पाच वर्षं झाली. लांब स्वराला तू खाली येतेस. समारंभात चालून जातं, रेकॉर्डिंगमध्ये नाही चालत. बाबांची गाणी एकदाच होणार. मला ती चांगली व्हायला हवी होती."

"मग तसं म्हणायचं."

"कसं म्हणणार होते? तू इतक्या उत्साहाने ते डब्याचं..."

"तेच विचारतेय. तीन महिने मी कशासाठी वाचत होते? तू मला छान छान म्हणत होतीस, आणि माझी पानं त्याच्याकडे नेऊन देत होतीस. दोन माइक पाहिजेत हे मी लिहिलं होतं, ताई. दुसरा कोणासाठी ते तुला माहीत होतं."

"यादी चांगली होती," ताई हळूच म्हणाली. म्हणजे तिला तसं म्हणायचं नसावं, पण तोंडातून तेच गेलं.

"आणि मला रस नाही हे कोणी ठरवलं?"

मैदानावर कोणीतरी शंकूंच्या मधून स्कूटर वळवत होतं, एक शंकू पडला, त्याने उतरून तो सरळ केला.

"आईला माहीत आहे?" धाकटीने विचारलं.

"आईच म्हणाली, तिला इतक्यात कळू देऊ नको, तिचा जीव रमलाय."

जीव रमलाय. लहान मुलीच्या हातात खेळणं देऊन मोठ्यांनी आतल्या खोलीत बोलत बसावं, तसं वाटलं तिला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणाऱ्या दोघी तिच्या सख्ख्या. ती खाली उतरली. दार आपटलं नाही, नीट लावलं.

घरी आईने ताट वाढलं. धाकटी जेवली, भांडी आवरली आणि म्हणाली, "मला कळलंय." आईने तोंडाला पदर लावला, तिचे डोळे भरून आले, तिने काही बोलू पाहिलं. धाकटी म्हणाली, "आत्ता नको," आणि आपल्या खोलीत गेली.

आठ दिवसांनी तिने दुकानात जाऊन तोच डबा घेतला. दुसरा घ्यायचा विचार मनात आला होता, पण चांगला तो होता, आणि त्यात त्या डब्याचा काय दोष. एक माइक घेतला. सुट्टीच्या दुपारी आई शेजारी गेलेली असताना तिने खालचा आवाज एकटीने गाऊन रेकॉर्ड केला आणि ऐकला. उतरत होता. लांब स्वराच्या शेवटी, अगदी थोडा, पण उतरत होता. ताई त्या बाबतीत खोटं बोलली नव्हती.

ते ऐकून ती रडेल असं तिला वाटलं होतं, पण तिला रागच आला, आधीपेक्षा जास्त. दुष्परिणाम आधी वाचणारी बाई होती ती. एवढंसं सत्य तिला पचलं असतं. दुखलं असतं, दोन दिवस ती बोलली नसती, मग म्हणाली असती, घे तिला, मी शिकवते तिला माझा आवाज. हे करायची संधीच तिला कोणी दिली नव्हती.

महिन्याभराने ताईचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर ती म्हणाली, "अकरावं गाणं मला पूर्ण येत नाही गं. बाबांनी ते शेवटी केलं होतं, तेव्हा तू त्यांच्याजवळ असायचीस. मधला भाग सांगशील?"

"नाही," धाकटी म्हणाली.

"बाबांचं आहे ते."

"माहीत आहे."

त्या आठवड्यात तिने अकरावं गाणं स्वतः गायलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. सूर जिथे उतरायचा तिथे उतरला. तिने ते पुसलं नाही आणि कोणाला ऐकवलंही नाही.

ताईची दहा गाणी पुढे बाहेर आली. लोकांना आवडली. औषधं घ्यायला आलेली एक बाई धाकटीला सांगून गेली की तुमच्या बहिणीचं ऐकलं, अंगावर काटा आला. धाकटीने तिला गोळ्या कधी घ्यायच्या ते समजावून सांगितलं, जेवणानंतर, पाण्याबरोबर.

एका संध्याकाळी ती कामावरून आली तर आईच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून अगदी बारीक आवाजात अकॉर्डियन ऐकू येत होतं. चपला काढता काढता धाकटी थांबली. मग दारावर टकटक करून म्हणाली, "आई, दार लावून ऐकू नकोस. ऐकायचं तर मोठ्याने ऐक. मला लपवलेलं नको."

आईने दार उघडलं. पण गाणं तिने बंद केलं होतं.