रुंद पट्टा

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिच्या नवऱ्याला आधीच एक जोडीदार होता.

दोघं सामान हलवायचं काम करत. लोकांची कपाटं, पलंग, आरसे एका घरातून उचलायचे आणि दुसऱ्या घरात नेऊन ठेवायचे. जड कपाट जिन्यातून उतरवताना एक जण वर असतो, एक जण खाली. मधे कपाट, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही. नुसत्या श्वासावरून कळावं लागतं की आता हा थांबणार, आता हा वळणार. नवरा बुटका आणि रुंद, म्हणून तो वर. जोडीदार उंच आणि हडकुळा, म्हणून तो खाली. सगळे त्याला शिडीच म्हणत. त्याच्या मागे-पुढे कुणी नव्हतं.

ती घरी बसून गाद्यांच्या खोळी शिवायची. संध्याकाळी नवरा आला की दिवसभरात काय झालं ते ऐकायला तिचे कान टवकारलेले असत, आणि ऐकायला मिळायचा शिडी. शिडी असं म्हणाला, शिडी तसं हसला, शिडीनं आज डब्यात काय आणलं होतं. तिनं डब्यात काय दिलं होतं हे मात्र विचारल्याशिवाय आठवायचं नाही.

"तुमचं लग्न नक्की कुणाशी लागलंय?" तिनं एकदा विचारलं होतं.

"तुझ्याशी लागलंय," नवरा म्हणाला. "त्याच्याशी जमलंय."

तो स्वतःच्या विनोदावर पोट धरून हसला. तिनं त्या दिवशी एक खोळ उलटी शिवली.

मग नवऱ्याची कंबर धरली. आधी खाली वाकताना, मग उठताना. रोज संध्याकाळी तो पालथा पडायचा आणि ती मलम चोळायची. "इथे?" ती विचारायची. "हां, इथेच, मधोमध," तो डोळे मिटून म्हणायचा. ते एक काम असं होतं की ज्यात शिडीचा हात नव्हता. दुखणं वाईटच, पण त्या अर्ध्या तासासाठी तिला ते दुखणंही गोड लागायला लागलं होतं.

डॉक्टरांनी पट्टा सांगितला. "दिसेल तो उचलून आणू नका," ते म्हणाले, "कमरेचा वेगळा असतो, खुब्यांचा वेगळा. दुकानात दाखवा, तिथल्या बाई बघून देतील."

ती शिवणकाम आवरून नवऱ्याला घेऊन निघाली. दुकानाच्या पायरीवर शिडी आधीच बसलेला.

"भावजी, तुम्ही कशाला कामाचा खोळंबा केलात?" ती म्हणाली. तोंडात साखर, पोटात निखारा.

"नाही कसा येणार, वहिनी? उद्यापासून माल उचलण्याआधी मलाच बांधायचाय ना."

हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. पट्टा ती निवडणार, आणि बांधणार हा.

दुकानात भिंतीला डोकं नसलेले, हात नसलेले पुतळे ओळीनं उभे होते, प्रत्येकाच्या कमरेला पट्टा. दुकानवाल्या बाईच्या गळ्यात मोजपट्टी होती. ती बघून तिला जरा आपल्या माणसात आल्यासारखं वाटलं.

"दुखतं कुठे?" बाईनं विचारलं.

"कंबर," नवरा म्हणाला.

"कंबर म्हणजे कुठे? हात ठेवून दाखवा."

नवऱ्याचा हात पाठीमागे गेला आणि घुटमळला. तेवढ्यात शिडी बोलून गेला, "डावीकडे, बाई. कमरेच्या खाली, जिथे खळगा पडतो ना, तिथे. सपाटीला चालताना नाही. जिन्यात वळताना, आणि मालाच्या गाडीवरून एक पाय खाली टाकताना. तेव्हा याचा श्वास अडकतो."

नवऱ्यानं त्याच्याकडे असं बघितलं की शिडीनं पुढचं वाक्य गिळलं.

बाई म्हणाली, "डाव्या पायावर उभे राहा बघू." नवरा उभा राहिला, पण ओठ घट्ट आवळून. "झोपेत कूस बदलताना दुखतं?"

"नाही."

बाईनं दोन पट्टे समोर ठेवले. एक चांगला वीतभर रुंद, पाठीत ताठ पट्ट्या घातलेला. दुसरा चार बोटं रुंद, साधा, जेमतेम पट्टा म्हणावा असा.

"मणक्याजवळ, मधोमध दुखत असेल तर हा रुंद. तो पाठीला ताठ धरतो, आणि बेतानं उचलायचं काम चालू ठेवता येतं. पण हे म्हणतात तसं खाली, एका बाजूला असेल, तर कण्याचा आणि खुब्याच्या हाडाचा सांधा सैल पडलाय. त्याला हा अरुंद. हा कमरेला नाही, त्याच्या खाली, खुब्यांवरून आवळायचा. आणि मग ओझं बंद. काही महिने तरी काहीही उचलायचं नाही, नाहीतर बांधून उपयोग नाही."

तिला यातलं पुढचं नीट ऐकूच आलं नाही. तिच्या डोक्यात एवढंच घुमत होतं की डावीकडे, खाली, खळग्यात. रोज तिचा हात त्या पाठीवरून फिरतो आणि पत्ता सांगतो दुसराच.

"रुंद द्या," ती म्हणाली. "रोज मलम मी चोळते. दुखतं ते मधोमध. श्वास ऐकून दुखणं कळायला लागलं तर डॉक्टर हवेत कशाला?"

शिडीनं तोंड उघडलं. नवरा चटकन म्हणाला, "हिला माहीत. हिला नाही तर कुणाला माहीत असणार? रुंदच द्या."

शिडीच्या देखत नवऱ्यानं तिची बाजू घेण्याची ती पहिलीच वेळ. बाईनं दोघांकडे बघून खांदे उडवले आणि पट्टा कागदात गुंडाळला. येताना ती दोघांच्या पुढे चालत होती.

पट्ट्याची कड बोचू नये म्हणून तिनं त्याला आतून मऊ सुती अस्तर लावलं. बारीक टाके, एकही गाठ अंगाला लागणार नाही असे. सकाळी ती स्वतः बांधून द्यायची. "गाडीवर जाऊन बांधायची काय गरज? घरून बांधूनच जा." नवरा मुकाट ऐकायचा. संध्याकाळी विचारलं की म्हणायचा, "फार आराम आहे. तुझी निवड म्हणजे काय." ती दिवसभर शिवणाच्या तालावर गुणगुणायची. गल्लीतल्या बायकांना तिनं पट्ट्याची कहाणी इतक्या वेळा सांगितली की त्या तिला बघून रस्ता बदलायला लागल्या.

मग एका दुपारी शिडी एकटाच दारात आला. चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकला आणि तसाच वाकून उभा राहिला.

ती शिवण टाकून उठली. "काय झालं त्यांना?"

"काही नाही. तो गाडीत झोपलाय. वहिनी, पट्टा बदलून आणा."

"का? आमचा पट्टा तुम्हाला बघवत नाही का?"

"पट्टा चांगला आहे हो. जागा चुकली आहे. त्याला गाडीवरून उतरता येत नाही, मी काखेत हात घालून उतरवतो. जिन्यात वळताना सगळं वजन मी माझ्यावर घेतो. त्या दुकानात बाई म्हणाल्या ना, ओझं बंद, त्याचीच त्याला आधीपासून धास्ती. म्हणून तुम्हाला मधोमध सांगतो. खरी जागा तुमच्या हाताला लागली तर तुम्ही त्याला घरी बसवाल, हे त्याला ठाऊक आहे."

"आणि तुम्हाला हे त्या दिवशीपासून माहीत आहे?"

"मी त्या दिवशी बोललो, वहिनी. तुम्ही ऐकलं नाहीत. मग मलाही वाटलं, चालतंय तोवर चालू दे. माझंही कुठे कुणी आहे?" तो पायाच्या अंगठ्यानं उंबरा घासत राहिला. "पण परवा कपाटासकट खाली आला असता. मी सांगितलं हे त्याला सांगू नका. माझ्याशी बोलायचा नाही तो."

तो गेल्यावर तिनं यंत्राचं चाक फिरवलं, पण सुई कापडावर नुसतीच आपटत होती, दोरा केव्हाच तुटला होता. नवरा खोटं बोलला याचा राग होता. पण त्याहून वर दुसरंच काही जळत होतं. हा माणूस, ज्याला घरदार नाही, ज्याला दिवसभरात हक्कानं शिव्या घालायला एकच माणूस आहे, तो त्या माणसाला सोडायला आपल्या पायानं तिच्या दारात आला होता. तिच्यानं हे झालं असतं का? तिनं स्वतःला विचारलं आणि उत्तर यायच्या आत दोरा ओवायला घेतला.

संध्याकाळी नवरा पालथा पडला. तिनं मलम घेतलं, मधोमध चोळलं, आणि मग अंगठा हळूच डावीकडे, खाली सरकवून खळग्यात दाबला.

नवरा गुरासारखा ओरडला.

तिनं उठून हात धुतले. दुसऱ्या दिवशी अस्तर उसवून काढलं, पट्टा दुकानात नेला आणि अरुंद घेऊन आली. बाईनं तिला खुब्याचं हाड हातानं चाचपून दाखवलं, माप कमरेचं नाही तर तिथलं घ्यायला लावलं. तिनं ते एकदाच बघितलं. मापं घेण्यात तिचं आयुष्य गेलं होतं.

"हा काय आणलास?" नवरा म्हणाला.

"तुमचा पट्टा. उद्यापासून कामावर जायचं नाही. उभे राहा."

नवरा उभा राहिला. "तुला कुणी सांगितलं?"

तिच्या जिभेवर नाव आलं होतं. एक शब्द, आणि या घरातून शिडी कायमचा निघून गेला असता. नवऱ्यानं त्याचं नाव काढलं नसतं, डबा काढला नसता, हसणं काढलं नसतं. दिवसाचे चोवीस तास नवरा तिच्या एकटीचा. ती खाली बसली आणि पट्टा त्याच्या खुब्यांवरून फिरवून घेतला.

"कुणी कशाला सांगायला हवं?" ती म्हणाली. "बायको आहे. माझ्या हाताला कळलं."

"इतके दिवस नाही कळलं ते."

"आता कळलं."

नवऱ्यानं सुस्कारा सोडला. भिंतीवर हात टेकला. "शिडीला बघ, पहिल्यापासून सगळं माहीत होतं. दुकानात चुकून बोलला तेवढंच. मी डोळा दाखवल्यावर पुन्हा तोंडातून ब्र काढला नाही. जोडीदार असावा तर असा. तुम्हा बायकांना नाही समजायचं ते."

तिचे हात थांबले. मान वर करून त्याला खरं काय ते ऐकवावं, असं तिला आतून उसळून वाटलं. मग तिनं पट्ट्याचं टोक धरलं आणि अंगातला सगळा जोर लावून ओढलं.

"अगं, हळू. किती आवळतेस?"

"एवढाच आवळायचा असतो," ती म्हणाली. "आणि त्यांना रोज संध्याकाळी इकडेच जेवायला यायला सांगा. नाहीतरी तुम्ही दिवसभर त्यांचंच नाव घेऊन माझं डोकं उठवणार. निदान तोंडासमोर तरी घ्याल."