गोजरबाईच्या घागरीवरचं फडकं

मित्रांनो, माझ्या मधोमध हा काळा डाग दिसतो ना, तो रिठ्यानंही जात नाही. आणि जाऊ नये असंच मला वाटतं. मी एक जुनं पाणी गाळायचं फडकं आहे. माझा जन्म एका कीर्तनकार बुवांच्या उपरण्यातून झाला. कितीतरी कीर्तनं मी त्यांच्या खांद्यावरून ऐकली. उपरणं विरलं तेव्हा गोजरबाईनं मागून घेतलं आणि मला चौघडी करून घागरीच्या तोंडाला बांधलं. पाण्यातही जीव असतात, गाळल्याबिगर कुणाला पाजू नये, हे बुवांचं बोलणं तिनं मनाशी गाठ मारून ठेवलं होतं.

आमचं गाव कुरुंद्याकडचं, नदीकाठचं. काळ निजामाचा. वरच्या अंगाला तेलाची गिरणी निघाली आणि तिची चिकट घाण नदीत येऊ लागली. गुरं पाण्याला तोंड लावून मागं फिरत, लेकरांची पोटं दुखत. पिण्याचं पाणी नासवायला कायद्यानं मनाई होती, म्हणून गोजरबाईचे यजमान ग्यानबा यांनी अर्ज दिला. अर्ज खोटा ठरला असता, तर त्यांनाच कैदेत बसावं लागणार होतं.

पंचनाम्याला तहसीलदार व्यंकटराव आले. त्यांनी नदीचं पाणी मागितलं. गोजरबाई लगबगीनं घागर भरून आली आणि तांब्या पुढं केला. पाणी अगदी नितळ! गिरणीचे मुनीम रूपसिंग मिशीत हसले. असल्या पाण्यानं तर देवाला आंघोळ घालावी, म्हणाले. अर्ज खोटा असं लिहायला साहेबांनी टाक उचलला. ग्यानबांचा चेहरा उतरला.

तेवढ्यात ग्यानबांची नजर माझ्यावर गेली. "अगं, गाळून काहून आणलंस?"

"मग पावण्याला बिनगाळलं देऊ व्हय?" ती म्हणाली, अन् बोलता बोलताच तिच्या ध्यानात आलं. तिनं मला सोडलं आणि साहेबांपुढं पसरलं. "साहेब, नदी ही हाय. तांब्यात नुसती माझी सवय हाय."

माझ्यावरचा काळा, बुळबुळीत थर पाहून पंचांनी नाकं झाकली. व्यंकटराव उठले, नदीवर गेले, स्वतःच्या हातानं तांब्या भरला. घाण सोडणं थांबेपर्यंत गिरणी बंद, असा त्याच दिवशी हुकूम झाला.

महिनाभरानं गुरं मान खाली घालून पोटभर पाणी प्याली. गोजरबाई काठावर हात जोडून त्यांच्या घोटांचा आवाज नुसती ऐकत बसली.

आता मला भिंतीतल्या देवळीत घडी करून ठेवलं आहे. मित्रांनो, पाणी गाळून जरूर प्या. पण तांब्यातलं पाणी स्वच्छ दिसलं म्हणून नदीला विसरू नका. फडकं उलटून पाहत जा. गोजरबाई घागरीवरचं नवं फडकं रोज उन्हात धरून पाहते.

ते अजून पांढरं आहे.